मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन मसाई मारा

नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेरीस आईबाबांना केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात न्यायचं ठरतंय. ताडोबा आमचं बरंच पालथं घालून झालं, पण मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (आफ्रिकेतल्या मोठ्या कुरंगांचे) कळप बघायचे हे बाबांचं फार जुनं स्वप्न. ते आता ६८ वर्षांचे आहेत, त्यामुळे आणखी लांबवायचं नाही.

अडलंय ते पिवळ्या तापाच्या लशीपाशी. ती निदान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. पण साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना धोका थोडा जास्त, असं आमचे डॉक्टर म्हणाले. या वयाच्या आईवडिलांना कुणी लस दिली आहे का? काही त्रास झाला?

दुसरी काळजी आईच्या कंबरेची. ताडोबाच्या जिप्सीतसुद्धा पट्टा बांधून, पाठीमागे उशी ठेवूनच ती बसते. नैरोबीहून गाडीने पाच-सहा तास, शेवटचा रस्ता खडबडीत. नैरोबीच्याच विल्सन विमानतळावरून छोटं विमान पाऊण तासात पोचवतं, पण सामान माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत. विमानाचे जादा पैसे घालावेत का? आणि माऱ्यात चार रात्री पुरतील ना?