ईआर स्ट्रेस न्यूरॉनला वाचवतो का मारतो?

एमएस्सी_पार्ट२: सेमिनारला यूपीआर (ईआर स्ट्रेस आला की पेशी करते ती सावरासावर) घेतलाय आणि डोक्याचं पार भजं झालंय. पुस्तकात म्हणे ईआरमधे, म्हणजे पेशीत प्रोटीनची घडी घालतात तिथे, चुकीची घडी पडलेली प्रोटीन्स साठली की पर्क हा एन्झाइम जागा होतो, प्रोटीन बनवणं सुरू करणाऱ्या ईआयएफ२-अल्फाला फॉस्फेट लावतो, नवीन प्रोटीन बनणं कमी होतं आणि पेशी सावरते. मग अल्झायमरच्या पेपरांत तोच पर्क व्हिलन कसा? आणि चॉप (ईआर स्ट्रेसमधे वाढणारा, इतर जीन चालू-बंद करणारा प्रोटीन) वाढला म्हणजे पेशी गेलीच समजायचं का?

पेशीवेडा: दोन्ही खरंय, प्रश्न ते किती वेळ चालू राहतं याचा आहे. मेंदूच्या आजारांवर काम करणाऱ्या मॅलुची यांच्या ग्रुपचा २०१२ चा नेचरमधला पेपर काढ. प्रायॉन (चुकीच्या घडीचं, मेंदूत पसरत जाणारं प्रोटीन) दिलेल्या उंदरांत नवव्या आठवड्याच्या सुमारास सिनॅप्सची, म्हणजे न्यूरॉन एकमेकांना जोडतात त्या जागेची, प्रोटीन्स धाडकन खाली आली आणि न्यूरॉन मरायला लागले ते त्याच्यानंतर, कारण सिनॅप्सला रोज नवा माल लागतो आणि इथे कारखानाच बंद. मग त्यांनी हिप्पोकॅम्पसमधे (मेंदूचा आठवणींचा भाग) जास्तीचं गॅड३४ हे प्रोटीन घातलं, ते फॉस्फेट काढून टाकतं, तर उंदीर जास्त जगले, आणि सॅल्युब्रिनल हे रसायन दिलं, जे फॉस्फेट निघू देत नाही, तर लवकर मेले. प्रायॉनचा साठा मात्र गॅड३४ ने कमी झालाच नव्हता!! मला तरी हा पॉइंट सगळ्यात भारी वाटतो.

रायबोसोम_राव: चॉपचं सरसकट तसं नाही हं. तो पेशीला वाचवणारं बीसीएल-२ कमी करतो, मारणारं बिम वाढवतो, हे खरं. पण गॅड३४ पण तोच वाढवतो, म्हणजे ईआर अजून साफ झालेला नसताना प्रोटीन बनणं परत सुरू, आणि काही पेशी त्या ओझ्यानेच मरतात. वर गॅड३४ ने उंदीर वाचले आणि इथे तेच मारतंय, कुठली पेशी आणि कुठली वेळ यावर सगळं आहे. नुसता चॉपचा ब्लॉट (प्रोटीन किती आहे ते दाखवणारी टेस्ट) दाखवून ‘पेशी मेली’ म्हणू नकोस, पेशी मरताना चालू होणारा कॅस्पेज-३ पण दाखव, नाहीतर सर सोडणार नाहीत.

एमएस्सी_पार्ट२: मग सरळ पर्क बंद करायची गोळी का देत नाहीत?

पेशीवेडा: दिली की, २०१३ ला, त्याच ग्रुपने. मेंदू वाचला पण उंदरांचं वजन उतरलं आणि शुगर वाढली, कारण स्वादुपिंडाला पर्क लागतोच. जन्मतः पर्क बिघडलेल्या बाळांना तान्हेपणीच डायबेटिस होतो, वॉलकॉट-रॅलिसन म्हणून शोध.

रायबोसोम_राव: म्हणून आता पर्कला हात न लावता पुढच्या ईआयएफ२बीला (ईआयएफ२ ला परत कामाला लावणारं प्रोटीन) जोर देणारी औषधं आली. त्यातलं डीएनएल३४३ एएलएसच्या (स्नायू हलवणारे न्यूरॉन मरण्याचा आजार) ट्रायलमधे मुख्य निकषावर फेल गेलं, २०२५ च्या जानेवारीत निकाल आला. ही स्लाइड नक्की टाक, प्रश्न त्यावरच येणार.