पथक नव्याने हाती घेताना
सर, शाळेनं स्काऊट पथक गळ्यात मारलंय आणि बत्तीस पोरं एकदम कलकलाट करतात, असं तुम्ही लिहिलंय. बत्तिसांना एकट्यानं हाकायला जाऊच नका. सहा ते आठ जणांचे संघ पाडा, प्रत्येकाला संघनायक द्या आणि सूचना फक्त नायकांना. स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांची सगळी पद्धत यावरच उभी आहे. नायक मुलांनाच निवडू द्या. वर्गातला पहिला नंबर इथे बऱ्याचदा फुसका निघतो.

तुम्हाला दुसऱ्या कुणीतरी 'आधी कवायत पक्की करा' म्हटलंय, ते मला पटत नाही. पहिल्याच तासाला दोऱ्या वाटा. काठीला मारलेली क्लोव्ह हिच ही गाठ ओढली की घट्ट आवळते, पण काठीच्या टोकावरून सरकवून काढली की हातात नुसती सरळ दोरी उरते. हे बघायला मागच्या बाकावरचेही पुढे घुसतात.

पालकांचं म्हणाल तर शिबिराआधी लेखी संमती आणि मुलाच्या औषधांची माहिती हवीच. कागद नाही, तर मूल न्यायचं नाही, कितीही रडलं तरी. खऱ्या कमाईचे, म्हणजे मुलांनी छोटी कामं करून मिळवलेले, पैसे त्याच दिवशी वहीत चढवा. आणि स्काऊट शिक्षकांचा बेसिक कोर्स लवकर उरकून घ्या, सोपानांच्या, म्हणजे मुलांनी चढायच्या स्काऊटच्या पायऱ्यांच्या, चाचण्या कशा घ्यायच्या ते तिथं नीट कळतं.