मदत हवी आहे: बेडरूमचा आर्क फॉल्ट ब्रेकर सारखा उडतोय (आणि मिक्सर गॅरेजात गेलाय)

सध्या आमच्याकडे खोबऱ्याचं वाटण गॅरेजमध्ये होतं. थट्टा नाही. गवत कापायच्या मशीनशेजारी स्टुलावर मिक्सर मांडलाय आणि सकाळी साडेसहाला स्वेटर घालून मी तिथे चटणी फिरवते. स्वयंपाकघरात तीन नंबरवर नेला की पाच-सात सेकंदांत अर्धा ओटा बंद.

घर डॅलसजवळ, २०१७ चं बांधकाम, आम्ही दुसरे मालक. पॅनेलमधले बहुतेक ब्रेकर टेस्टचं बटण असलेले, आर्क फॉल्टवाले, म्हणजे वायरिंगमध्ये ठिणगी पडतेय असं वाटलं की वीज तोडणारे. गॅरेजच्या सर्किटला तसला ब्रेकर नाही, तिथे नुसतं जीएफसीआय (करंटची गळती झाली की वीज तोडणारं) आउटलेट आहे, म्हणून मिक्सर तिथे सुखाने चालतो. मिक्सर ११० व्होल्टचाच आहे, ट्रान्सफॉर्मरची भानगड नाही.

मिक्सरचं एक वेळ सोसलं असतं. खरा वैताग मास्टर बेडरूमचा. १५ अँपियरचा ब्रेकर, तीन आठवड्यांत सहा वेळा उडाला, तोही बहुतेक रात्री. खोलीत तेव्हा चालू काय, तर दोन फोनचे चार्जर आणि एक घड्याळ. मग उठायचं, अंधारात चाचपडत गॅरेजमधल्या पॅनेलपर्यंत जायचं, खटका पूर्ण खाली ओढून वर करायचा. कधी चार दिवस शांत, कधी एका रात्रीत दोनदा.

एक इलेक्ट्रिशियन येऊन गेला. पॅनेलकडे दहा मिनिटं पाहिलं, "हे असेच असतात, साधे बसवून देतो" म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. नवऱ्याला ते पटलंय. साधा ब्रेकर दहा डॉलरच्या आत, हा पन्नासच्या आसपास. मला मात्र धीर होत नाही. लहानपणी सांगलीला बाबा फ्यूजमध्ये जाड तार घालायचे, "आता बघू कसा उडतो" म्हणत. एका पावसाळ्यात त्या फळीमागची भिंत काळी झालेली मी पाहिली आहे.

ब्रेकर खराब आहे की वायरिंग, हे कसं ओळखायचं? आणि दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असेल का?

---

तांब्याची_तार

ताई, मला तरी ही दोन वेगळी दुखणी वाटतात.

साध्या ब्रेकरला दोनच गोष्टी कळतात. करंट जास्त वेळ जास्त वाहिला तर त्यातली पट्टी तापून वाकते, शॉर्ट झाला तर चुंबक खटका ओढतं. सैल जोडावर ठिणगी पडत असेल तर करंट वाढत नाही, झाला तर थोडा कमीच होतो. म्हणजे साध्या ब्रेकरच्या दृष्टीने सगळं आलबेल आणि भिंतीत प्लास्टिक भाजत राहतं. आर्क फॉल्टमधलं इलेक्ट्रॉनिक्स करंटच्या लहरीचा आकार बघत असतं. मिक्सरच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, तिथे ठिणग्या पडणारच. दिवे घालवून मिक्सरच्या बुडाच्या फटींतून बघा, निळसर दिसतील. ब्रेकरची तिथे गफलत होते. ब्रश झिजले असले तर आणखीच. जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचं आणि ड्रिलचंही हेच.

बेडरूममध्ये मोटर नाही, म्हणून ते गंभीरपणे घ्या. चार्जर ओढतात नखभर करंट. एकाच तारेतल्या सैल जोडाची ठिणगी हे ब्रेकर साधारण ५ अँपियरपासून पुढे ओळखतात. म्हणजे त्या सर्किटवर कुठेतरी मोठं काहीतरी चालू आहे आणि ते तुम्हाला दिसत नाहीये. पॅनेलवर पेन्सिलने "मास्टर बेडरूम" लिहिलंय म्हणून सर्किट त्या खोलीपुरतंच असेल असं नाही. पुढच्या वेळी उडाला की लगेच चढवू नका. घरभर फिरून काय काय बंद पडलंय ते लिहा.

---

जुना_फोरमन

वरच्याशी सहमत. ब्रेकर की वायरिंग हे ठरवायचा सोपा मार्ग: त्याच पॅनेलमधल्या तेवढ्याच अँपियरच्या दुसऱ्या आर्क फॉल्ट ब्रेकरशी अदलाबदल करून घ्यायची. बिघाड सर्किटबरोबर गेला तर वायरिंग, ब्रेकरबरोबर गेला तर ब्रेकर. इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मेन बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या जाड तारा जिवंतच असतात.

मोठा लोड सापडलाच नाही तर तसबिरी तपासा. आधीच्या मालकाने ठोकलेला खिळा केबलच्या कवचातून गेला असेल तर काहीही चालू नसताना उडू शकतो. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल बॉक्समध्ये याच्याशी जोडला गेला असेल तरी उडतो, पण तो घर बांधल्यापासूनच छळतो, असा तीन आठवड्यांपूर्वी सुरू होत नाही.

अवांतर: अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमावलीत (कोडमध्ये) आर्क फॉल्ट ब्रेकरचं प्रकरण १९९९ च्या आवृत्तीत आलं, सक्ती २००२ पासून आणि तीही फक्त बेडरूमला. स्वयंपाकघर घेतलं २०१४ च्या आवृत्तीने. आपल्या मिक्सरचा विचार त्या समितीत कोणी केला नसावा.

---

नुसता_वाचक

पुण्यात आमच्याकडे एमसीबी आणि आरसीसीबी, वीस वर्षांत काही झालं नाही. लाकडी घरं बांधायची आणि मग असले चोचले.

---

तांब्याची_तार

@नुसता_वाचक, आरसीसीबी फक्त गळती बघतो, फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने परत आला की तो खूश. सैल न्यूट्रलवर ठिणगी पडत असेल तर जमिनीत काहीच जात नाही, त्याला पत्ताही लागत नाही. बाकी लाकडी घरांचं तुम्हीच बोललात, म्हणून तर हा खर्च.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सापडलं!

मंगळवारी रात्री पावणेतीनला उडाला. चढवला नाही, टॉर्च घेऊन फिरले. आमची खोली, कपाटातला दिवा आणि शेजारच्या स्टडीची एक भिंत बंद. स्टडीत सध्या सासूबाई झोपतात, आल्याला महिनाही नाही झाला. त्यांच्या पायाशी १५०० वॉटचा हीटर, म्हणजे साडेबारा अँपियर, थर्मोस्टॅटवर रात्रभर चालू-बंद. मी दारात उभी राहिले तर पांघरुणातूनच म्हणाल्या, "अगं, हा तुमचा हीटर मधेच गारठतो बघ." तीन आठवड्यांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने आमच्या पलंगामागचं आउटलेट उघडलं. स्टडीला जाणारी वीज त्यातूनच पुढे जाते. तारा स्क्रूखाली आवळलेल्या नव्हत्या, मागच्या भोकांत नुसत्या खुपसलेल्या. पांढरी तार त्याने दोन बोटांत धरली आणि ती अलगद बाहेर आली. भोकाभोवतीचं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी, टोकाचं तांबं काळं. माझ्या उशीपासून वीतभर अंतर. नवऱ्याने ते आउटलेट हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. साध्या ब्रेकरचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

सर्किटवरची सगळी आउटलेटं बदलून स्क्रूवर घेतली, ब्रेकर जुनाच ठेवला. हीटर दोन नंबरऐवजी एक नंबरवर आणि जाड रजई दिली आहे. अकरा रात्री झाल्या, शांत आहे.

मिक्सर अजून गॅरेजमध्येच आहे. ब्रश बदलून बघायचेत. डॅलसच्या आसपास भारतीय मिक्सरचे कार्बन ब्रश कुठे मिळतील, कुणाला माहीत आहे का?