कोरड्यास पातळ कसं काय? आणि कालवण नक्की कशाचं?

उरणची_पोर
मंडळी एक बेसिक प्रश्न आहे, हसू नका. मी मूळची उरणची, आता नोकरीसाठी पुण्यात, डबा लावलाय त्या मावशी बार्शीकडच्या. त्या फोन करून विचारतात "कोरड्यास काय देऊ, वांगं का मटकी?" मला वाटलं काहीतरी सुकी भाजी असेल आणि डबा उघडला तर चांगला वाटीभर रस्सा, वर तेलाचा तवंग. मग कोरडं कुठंय त्यात? दुसरं म्हणजे एकादशीच्या आदल्या दिवशी म्हणाल्या आज बटाट्याचं कालवण. आमच्याकडे कालवण म्हटलं की बोंबील, कोलंबी, गेला बाजार सुकट, म्हणजे म्हावरंच, बटाट्याचं असलं तरी त्यात सुके बोंबील असणार हे धरूनच चालायचं. तर हे शब्द आले कुठून आणि बरोबर कोण, मी का मावशी?

भाकरतुकडा
मावशी बरोबर आहेत, पण तुम्ही चूक नाही 😄
कोरड्यास चा फोड करून बघा. कोरडे, त्याचं सामान्यरूप कोरड्या, पुढं चतुर्थीचा स. म्हणजे "कोरड्याला". भाकरी कोरडी, तिच्यासाठी काय केलंय, असा तो प्रश्न. कोरडी ती भाकरी, वाटीतलं नव्हे. ज्वारीची भाकरी शिळी झाली की नुसती घशाखाली उतरत नाही, चुरून त्यावर काहीतरी ओतावंच लागतं. गंमत म्हणजे विभक्ती लागलेलं ते रूप आता आख्खं नाम झालंय, इतकं की लोक त्याला परत प्रत्यय लावतात, "कोरड्यासाला मीठ कमी पडलं" म्हणतात, म्हणजे एकाच शब्दात स पण आणि ला पण. तोंडी लावणं मधलं तोंडी पण असंच जुनं सप्तमीचं रूप आहे.

चिंचवणी
कालवण मधलं वण म्हणजे पाणी ना? गुळवणी, चिंचवणी, येळवणी सारखं? आमच्या आजीचं हेच म्हणणं होतं.

भाकरतुकडा
@चिंचवणी नाही ताई, आजींची माफी मागून सांगतो. गुळवणी, येळवणीतलं वणी म्हणजे पाणीच, समासात मधल्या प चा व होतो, दीप चा दिवा झाला तसा. पण कालवण सरळ कालवणे या क्रियापदावरून आलंय, दळणे वरून दळण, सारवणे वरून सारवण तसं. कालवणे म्हणजे हातानं एकजीव करणं. भातात नाहीतर चुरलेल्या भाकरीत जे कालवायचं ते कालवण. बाकी पोटात कालवाकालव होते ती पण ह्याच कुळातली. आता यात मासा पाहिजे असं कुठंच नाही, मटण पाहिजे असंही नाही. किनाऱ्यावर रोज भातात कालवायला म्हावऱ्याचा रस्साच असायचा म्हणून तिकडं शब्दाचा अर्थ तेवढाच उरला. आणि कालवं (ती खडकावरची, शिंपल्यातली) हा वेगळाच शब्द, त्याच्याशी घोळ घालू नका.

उरणची_पोर
कालवांचं कालवण पण करतो आम्ही, आता बोला 😂

साताऱ्याचा_गडी
आमच्याकडं दोन्ही शब्द चालत्यात. मटणाचं कालवण, अंड्याचं कालवण, वांग्याचं कोरड्यास. उडदाचं केलं की मात्र घुटं, त्याला कोणी कालवण म्हणत नाय. आणि पुरणपोळीच्या दिवशी डाळीवरचं येळून काढलेलं पाणी त्याची येळवणीची आमटी, त्याला काहीजण कटाची आमटी म्हणत्यात. पुण्यातल्या लोकांनी आमटी म्हणजे नुसतं चिंचगुळाचं वरण करून ठेवलंय हा माझा जुना राग आहे, तो इथं काढून घेतो.

चिंचवणी
@साताऱ्याचा_गडी राग काढा पण आमटी चं नातं आंबट, आम्ल याच्याशीच सांगतात, त्यामुळे चिंच किंवा आमसूल घालणारे त्या शब्दाला जास्त जागलेत. आणि ते चिंचगुळ घातल्यावर वरण राहतच नाही हो, वरण म्हणजे साधं, मीठ हळद हिंग, वर तूप. लिंबू पिळलं तर पिळलं.

सारभात
सार राहिलं की. टोमॅटोचं सार, कोकमाचं सार. कानडीत सारु म्हणतात तेच. आमच्या बेळगावात एकाच घरात आई सार म्हणते आणि शेजारीण सारु, पातेलं तेच.

वर्धेकर
आमच्याकडे कोरड्यास वगैरे कोणी म्हणत नाही, पहिल्यांदा ऐकून राहिलो. भाजी म्हणतो, नाहीतर रस्सा, वर लाल तर्री. पातळ भाजी म्हटलं तर पालक आणि डाळीचीच समजायची. आणि तुम्ही ज्याला पिठलं म्हणता त्याला आम्ही बेसन म्हणतो, त्यामुळे पुण्यात मेसवाल्याला "बेसन द्या" म्हटलं तर त्यानं पिठाची पिशवी दाखवली.

उरणची_पोर
मावशींना विचारलं आत्ता फोनवर, कोरड्यास आणि कालवणात फरक काय. म्हणाल्या काय बी नाय, उद्या भेंडी चालंल का ते सांग.