मदत हवी आहे: अवघड विषय सांगताना लोकांच्या डोक्यावरून जातंय, शनिवारी बोलायचंय

घामाघूम
शनिवारी बोलायचंय आणि आज मंगळवार. मागच्या महिन्यात हेच भाषण दिलं होतं आणि पार आपटलो. विषय मला येतो, अकरा वर्षं तेच काम करतोय, स्लाइड दोनदा तपासल्यात, एक आकडा इकडचा तिकडे नाही. तरी दहाव्या मिनिटाला मोबाइल बाहेर निघाले. शेवटी काही प्रश्न म्हटलं तर एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे टेस्ट करायची नाही का?" मी इतका वेळ जे घसा फोडून सांगत होतो त्याच्या बरोब्बर उलट. बाकीचे माना डोलावत होते म्हणजे त्यांनाही तेच वाटलं असणार. 'सोपं करून सांगा' हे कृपया सांगू नका, सोपं करायला गेलं की चुकीचं होतं, तिथंच तर अडलंय. पटकन काहीतरी सुचवा.

शेवटची_रांग
विषय काय? कसली टेस्ट? ऐकणारे कोण? वेळ किती?

खर्जातला_सा
लोक मोबाइल काढतात म्हणजे आवाज एकसुरी आहे, दुसरं काही नाही. रोज सकाळी दहा मिनिटं पोटातून श्वास घ्या आणि वाक्याचा शेवट गिळू नका. सांगण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, ३८ टक्के आवाज आणि ५५ टक्के देहबोली, हे शास्त्रानं सिद्ध झालंय. मी स्वतः यावर वर्ग घेतो.

घामाघूम
आवाज ठीक आहे हो माझा. विषय स्क्रीनिंग टेस्टचा आहे (काही त्रास नसलेल्यांचीही सरसकट करतात ती पहिली तपासणी), ऐकणारे साधी माणसं.

मोजपट्टी
@खर्जातला_सा, ते ७-३८-५५ प्रकरण कृपया आवरा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग होते, सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून आणि चेहऱ्याचे फोटो दाखवून बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय की नाही एवढंच ओळखायचं होतं. भावना आणि आवडनिवड यापलीकडे ते आकडे लागू नाहीत हे मेहराबियननी स्वतःच सांगितलंय. शब्दांचा वाटा ७ टक्के असता तर परक्या भाषेतलं भाषण नुसतं हातवारे बघून ९३ टक्के कळलं असतं की.

खर्जातला_सा
तुम्ही माझ्या वर्गाला या एकदा, मग बोलू.

शेवटची_रांग
साधी माणसं म्हणजे? किती जण? वयं काय? आणि वेळ अजून सांगितला नाहीत. दात काढल्यासारखी माहिती काढावी लागतेय तुमच्याकडून, भाषणात पण असंच करता का? (हलके घ्या.)

घामाघूम
वीस मिनिटं. पन्नास-साठ जण, सगळ्या वयाचे, विज्ञानाचे असे कुणी नाहीत. मुद्दा एवढाच आहे की स्क्रीनिंगमध्ये पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजार आहेच असं नाही, घाबरू नका आणि पुढची तपासणी करा. ३४ स्लाइड आहेत. सगळ्यात महत्त्वाची सातवी, ती टाइप करतो: "आजाराचे प्रिव्हॅलन्स १%, टेस्टची सेन्सिटिव्हिटी ९०% व स्पेसिफिसिटी ९१% असता पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू ९.२%". आकडे उदाहरणादाखल आहेत पण गणित बरोबर आहे. यापेक्षा सुटसुटीत कसं लिहिणार?

निवांत_मी
वीस मिनिटांत ३४ स्लाइड म्हणजे एकीला पस्तीस सेकंद. मीच मोबाइल काढला असता.

शुद्धमती
'टेस्ट', 'स्क्रीनिंग', 'पॉझिटिव्ह'. समोरची माणसं मराठी आणि भाषण हे असलं, मग डोक्यावरून जाणार नाही तर काय? चाळणी चाचणी असा सुंदर शब्द आहे मराठीत, तो का नाही वापरत? प्रिव्हॅलन्सला प्रादुर्भावमान म्हणता येईल, सेन्सिटिव्हिटीला संवेदनक्षमता.

तिरपागडा
शुद्धमती ताई, 'प्रादुर्भावमान' ऐकून तर उरलेलेही उठून जातील. टेस्ट पॉझिटिव्ह आली हे सगळ्यांना कळतं, जीभ वळते तो शब्द वापरावा.

शुद्धमती
सवयीनं कळतं. सवय कुणी लावली?

तिरपागडा
बरं. धागाकर्त्याला माझा सल्ला, उपमा द्या. ही टेस्ट म्हणजे धुराचा अलार्म. बाथरूमच्या वाफेनंही वाजतो, उदबत्तीनंही वाजतो, दर वेळी आग नसते. एका वाक्यात खेळ खलास, सातवी स्लाइड फेकून द्या. मी कुठलाही विषय असाच सांगतो, आजवर कुणी नाही कळलं म्हटलेलं नाही.

मोजपट्टी
नाही कळलं असं उठून कुणी कधी म्हणतं का? आणि वाफेनं वाजणाऱ्या अलार्मचं लोक काय करतात सांगू? बॅटरी काढून ठेवतात. म्हणजे तुमच्या उपमेतून लोक शिकणार की हा अलार्म उगाच वाजतो, दुर्लक्ष करा. "म्हणजे टेस्ट करायची नाही का?" हा प्रश्न परत येणार. उपमा देताना समोरचा ती कुठपर्यंत ओढत नेईल हे आधी बघावं लागतं, आपण एका टोकाला धरलेली असते आणि तो दुसऱ्या टोकाने पकडतो.

प्रयोगवेडा
बोलू नका, करून दाखवा. १९८६ मध्ये चॅलेंजर यान उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं, चौकशीत इंजिनियर लोकांचे तक्ते, आलेख, सगळं चालू होतं. चौकशी समितीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते, त्यांनी रॉकेटच्या सांध्यातल्या सीलच्या रबराचा तुकडा शिकंज्यात दाबून समोरच्या बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून शिकंजा सोडला आणि दाखवलं की रबर लगेच मूळ आकारात येत नाही. गार पडलं की लवचिकपणा जातो, उड्डाणाच्या सकाळी गारठा होता, कळलं सगळ्यांना. तुम्हाला असं काहीतरी पाहिजे.

घामाघूम
त्यांच्याकडे रबर होतं हो, मी टक्केवारी कुठल्या ग्लासात बुडवू?

कागदीघोडा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

मावळती
टक्केवारीच बुडवा 🙂 गंमत नाही करत आहे. तुमची सातवी स्लाइड परत वाचा. १% हे सगळ्या लोकांपैकी आजारी किती. ९०% हे आजार असलेल्यांपैकी पॉझिटिव्ह किती. ९१% हे आजार नसलेल्यांपैकी निगेटिव्ह किती. आणि ९.२% हे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी किती. चार आकडे, चार वेगळे 'कशापैकी', आणि स्लाइडवर ते 'कशापैकी' एकदाही लिहिलेलं नाही. तुम्हाला ते न लिहिताही दिसतं, कारण अकरा वर्षं झाली. समोरच्याला फक्त ९० आणि ९.२ दिसतं आणि वाटतं की टेस्ट आधी भारी होती ती मध्येच टुकार कशी झाली.

टक्के काढा, माणसं मोजा. समजा १००० जण आले. १० जणांना आजार आहे, त्यातले ९ पकडले, १ निसटला. उरले ९९० धडधाकट, त्यातल्या ८९ जणांची टेस्ट उगाचच पॉझिटिव्ह आली. हातात पॉझिटिव्ह कागद असलेले एकूण ९८, त्यात खरे आजारी ९. संपलं. गणित तेच आहे, काही चुकीचं केलेलं नाही, म्हणजे 'सोपं केलं की चुकतं' ही तुमची तक्रार इथं बसत नाही. गर्ड गिगेरेंझर नावाचे मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगतायत, टक्क्यांत विचारलं तर भले भले डॉक्टरही हे उदाहरण चुकतात आणि माणसं मोजून दिली की बऱ्याच जणांना जमतं.

घामाघूम
हे मला माहीत होतं असं म्हणणार होतो, पण हे 'कशापैकी' प्रकरण खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. आत्ता स्लाइड बघतोय तर मलाच लाज वाटतेय.

शेवटची_रांग
लाज कसली, सगळ्यांचं होतं. १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन हिने स्टॅनफर्डला पीएचडीसाठी प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं आणि ऐकणाऱ्याला नुसतं टकटक टकटक. तुमची सातवी स्लाइड म्हणजे टकटक.

खर्जातला_सा
म्हणजे सूर नव्हता म्हणून ओळखता आलं नाही. मी तेच सांगतोय.

मोजपट्टी
🤦

भित्रा_ससा
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, स्टेजवर गेल्यावर माझे हात थरथरतात आणि कागद फडफडतो, माइकमध्ये आवाज येतो त्याचा. काय करावं?

निवांत_मी
कागद पुठ्ठ्यावर चिकटव.

घामाघूम
बुधवारचं अपडेट. काल रात्री मावशीला फोनवर १००० माणसांचं सांगितलं. तिला कळलं!! पहिल्यांदा कुणाला तरी कळलं. तिनेच उलट मला सांगितलं, "म्हणजे अठ्ठ्याण्णवातले नऊ खरे." मी खूश. आणि मग म्हणते, "मग नव्वद माणसं घाबरवणारी टेस्ट करायचीच कशाला रे?" परत तेच!! आता काय करू?

तिरपागडा
बघा, माझ्या अलार्मला नावं ठेवत होतात, तुमच्या माणसं मोजण्यातूनही बॅटरीच निघाली.

मोजपट्टी
मान्य.

मावळती
तुम्ही फोनवर ९८ ला थांबलात ना? उरलेल्या ९०२ चं काय झालं ते सांगितलंत का?

घामाघूम
नाही. ते निगेटिव्ह, त्यांचं काय सांगायचं?

मावळती
अहो तेच तर सांगायचं! ९०२ जण निगेटिव्ह, त्यात निसटलेला फक्त १. म्हणजे सुरुवातीला १००० जणांच्या घोळक्यात १० जण शोधायचे होते, आता ९८ जणांत ९ शोधायचेत. मोठी, महाग, त्रासाची तपासणी हजार जणांवर करता येत नाही, ९८ जणांवर करता येते. टेस्टचं काम आजार ओळखणं नाहीच, घोळका लहान करणं आहे. तुम्ही घाबरलेल्यांना धीर देण्याच्या नादात टेस्टची अर्धी कामगिरीच गिळली, मग ऐकणाऱ्याच्या हातात फक्त तिच्या चुका राहतात. त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं, तुम्ही जेवढं दाखवलंत त्यातून निघणारा निष्कर्ष तोच होता.

शुद्धमती
मी पहिल्या दिवशी 'चाळणी चाचणी' म्हटलं तेव्हा सगळे हसलात. वाळू चाळतो तेव्हा चाळणीत वर जे राहतं ते सगळे खडे असतात असं कुणी म्हणतं का? वर वाळूची ढेकळंही राहतात. म्हणून चाळणी फेकून देत नाही आपण, वर राहिलेलं हातात घेऊन बघतो. ९०२ खाली गेले, ९८ वर राहिले.

तिरपागडा
ताई, साष्टांग. शब्द मागे घेतो. (प्रादुर्भावमान सोडून.)

मोजपट्टी
ही उपमा ओढली तरी तुटत नाही, एखादा बारीक खडा खाली निसटतो तेही त्यात बसतं. फक्त एक, पुढची तपासणी म्हणजे तीच चाळणी परत हलवणं नाही हे सांगा. ज्या कारणानं एखाद्याची पहिली टेस्ट उगाच पॉझिटिव्ह आली, त्याच कारणानं तीच टेस्ट दुसऱ्यांदाही येऊ शकते. पुढची तपासणी वेगळ्या प्रकारची हवी.

प्रयोगवेडा
चार्टपेपरवर १००० ठिपके काढा, ४० ओळींत २५-२५. ९ लाल, ८९ पिवळे, निसटलेला एक लाल पण खालच्या ढिगात. स्लाइडच नको. घ्या, हा तुमचा पाण्याचा ग्लास.

निवांत_मी
साठ माणसांत मागच्या रांगेला ठिपके दिसणार का पण? आधी हॉलमध्ये चार्ट लावून शेवटच्या खुर्चीवर बसून बघा. आणि माइक तपासा. माइक कुणीच तपासत नाही.

भित्रा_ससा
पुठ्ठ्याची आयडिया चालली, थँक्यू.

शेवटची_रांग
एक राहिलं. सुरुवात कशानं करताय? आजाराच्या व्याख्येनं नको. "तुमच्या हातात कागद आलाय आणि त्यावर पॉझिटिव्ह लिहिलंय" इथून सुरू करा, कारण घरी गेल्यावर त्यांच्या हातात तो कागदच असणार आहे, तुमच्या स्लाइड नाही.

घामाघूम
३४ वरून ३ वर आलोय. कागद, चाळणी, ठिपके. मोठा भाऊ म्हणतो विषयाचा अपमान आहे हा.

मोजपट्टी
भाऊ पण लॅबमध्येच आहे का?

घामाघूम
हो. तुम्हाला कसं कळलं?

घामाघूम
रविवार. झालं काल. चौदा मिनिटांत संपलं, मोबाइल दोघातिघांनीच काढले आणि त्यातल्या एकाने चार्टचा फोटो घेण्यासाठी काढला होता. 'टेस्ट करायची नाही का' कुणीही विचारलं नाही. ठिपके मागून दिसत नव्हते, निवांत_मी बरोबर होते, मग चार्ट उचलून मधल्या वाटेनं फिरवला आणि लोक पिवळे ठिपके बोटानं मोजायला लागले तेव्हा हॉलमध्ये गडबड इतकी झाली की दोन मिनिटं मला बोलताच आलं नाही. माइक बंदच पडला होता पण तेव्हा कुणाला त्याचं काही नव्हतं.

मग एक गृहस्थ उठले. "माझ्या रिपोर्टवर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह काही नाहीच, नुसता आकडा आहे आणि बाजूला दुसरा आकडा. मग मी चाळणीच्या वर की खाली?" आणि मी परत कटऑफ, डिस्ट्रिब्यूशन, ओव्हरलॅप असं सुरू केलं आणि दहा सेकंदांत चेहरे परत तसेच झाले, मला समोर दिसत होतं आणि तरी थांबता येईना. शेवटी नंतर भेटा म्हणालो. याचं काय करायचं? पुढच्या शनिवारी परत आहे.

शुद्धमती
चाळणीची भोकं केवढी ठेवायची ते कुणीतरी ठरवलेलं असतं ना? तो बाजूचा आकडा म्हणजे भोक.

मोजपट्टी
भोक मोठं केलं की उगाच अडकणारे कमी होतात पण निसटणारे वाढतात, लहान केलं की उलटं. आणि आकडा त्या भोकाच्या अगदी आसपास असेल तर तुम्ही वर की खाली हे नुसत्या चाळणीवरून सांगता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगून टाका.

खर्जातला_सा
आणि ते सांगताना वाक्याचा शेवट गिळू नका.

शेवटची_रांग
घामाघूम, यासाठी नवा धागा काढा. आणि या वेळी वेळ, माणसं, विषय पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.