ट्रॅप आला नाही म्हणजे सारे ठीक, असे नव्हे

ट्रॅप (नेटवर्कमधील उपकरण बिघाड होताच स्वतःहून पाठवते तो संदेश) सुरू केल्यावर पोलिंगची (निरीक्षण करणाऱ्या प्रणालीने उपकरणांना ठरावीक अंतराने विचारणा करण्याची) गरज उरत नाही, हे आपले मत मला पटत नाही. ट्रॅप यूडीपी या संदेशवहनाच्या पद्धतीने १६२ क्रमांकाच्या पोर्टवर जातो आणि त्याची पोच मिळत नाही. वाटेत तो हरवला तर पाठवणाऱ्या नेटवर्क स्विचलाही ते कळत नाही. पोच हवी असल्यास एसएनएमपी या नेटवर्क-निरीक्षणाच्या नियमावलीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आलेला इन्फॉर्म (पोच मागणारा संदेश) वापरता येतो, परंतु सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात वीज गेली आणि यूपीएसही उतरला, तर बंद स्विच इन्फॉर्म तरी कोठून पाठवणार? तेथे ठरावीक अंतराने विचारणा करणेच उपयोगी पडते.

एक मुख्य स्विच बंद पडला की त्यामागच्या प्रत्येक उपकरणाचा अलार्म येऊन पूर लोटतो, ही आपली तक्रार मात्र रास्त आहे. नागिऑससारख्या निरीक्षण-प्रणालीत प्रत्येक उपकरणाचे पालक उपकरण (ज्याच्यामार्गे त्याच्यापर्यंत पोहोचता येते ते) नोंदवले, तर मुख्य स्विच ‘बंद’ आणि त्यामागची उपकरणे केवळ ‘पोहोचण्याबाहेर’ अशी दाखवली जातात. तापमानाच्या अलार्मसाठी, सोलापूरचा उन्हाळा पाहता, अलार्म सुरू होण्याची चढती आणि तो थांबण्याची उतरती मर्यादा वेगवेगळी ठेवावी, अन्यथा पारा मर्यादेजवळ घुटमळत असताना तोच अलार्म दुपारभर वाजत राहतो.