ब्रेक फ्लुइडच्या टाकीत पॉवर स्टिअरिंगचे ऑइल पडले आहे : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या थोरल्या बंधूंची २०१२ सालची डिझेल मोटार सध्या कऱ्हाडला घरासमोर उभी आहे आणि ती जागेवरून हलवावी की नाही, याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये पाणी व ऑइल तपासून घेताना तेथील मुलाने ब्रेक फ्लुइडच्या टाकीत पॉवर स्टिअरिंगचे तांबडे ऑइल भरले. त्या वेळी कोणाच्याच ते ध्यानात आले नाही आणि मोटार त्यानंतर गावात बरीच फिरली.

आधी पेडल कडक झाले. मग पाय काढल्यावरही ब्रेक पूर्ण सुटेनात, पुढची चाके तापू लागली आणि करपल्यासारखा वास येऊ लागला. मोटार थंड झाली की ब्रेक आपोआप मोकळे होत. शेवटी टाकीचे झाकण उघडले, तर त्यातले रबर फुगून वेडेवाकडे झाले होते आणि ते पुन्हा आपल्या खाचेत बसेना. वरचे थोडे द्रव काढून पाण्याच्या पेल्यात टाकले, तेव्हा ते पाण्यात न मिसळता तांबड्या थेंबांच्या रूपाने वर तरंगत राहिले.

मोटारीला पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक आहेत, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, आणि क्लचलाही याच टाकीतून फ्लुइड जाते. एका मिस्त्रींच्या मते टाकी सिरिंजने रिकामी करून, नवे डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक प्रकार) घालून चारही चाकांची हवा काढली की काम झाले. दुसरे म्हणतात की सगळी रबरे बदलावी लागतील आणि एबीएसचाही भरवसा धरता येणार नाही. दोघांनी सांगितलेल्या खर्चांत फार मोठे अंतर आहे. बंधू सहकुटुंब कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला नेहमी जातात, त्यामुळे केवळ स्वस्त म्हणून पहिला उपाय स्वीकारायला माझे मन धजत नाही. फ्लुइड बदलणे पुरेसे ठरेल का, नसेल तर नेमके काय बदलावे, आणि मोटार गॅरेजपर्यंत कशी न्यावी, हे कृपया सांगावे.

उत्तर

नमस्कार. दुसऱ्या मिस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे, आणि मोटार आहे तिथेच उभी राहू द्यावी.

डॉट ३, डॉट ४ व डॉट ५.१ ही फ्लुइडे ग्लायकॉल वर्गातली असतात आणि ब्रेकमधले रबर त्यांच्यासाठीच बनवलेले असते. हे रबर बहुधा ईपीडीएम जातीचे असते. पॉवर स्टिअरिंगचे वा इंजिनाचे खनिज तेल त्याला लागले की रबर ते शोषून घेते, फुगते आणि मऊ पडते. एकदा आत मुरलेले तेल नवे फ्लुइड कितीही फिरवले तरी निघत नाही, म्हणून पहिला उपाय येथे अपुरा आहे. पेडल एकदाही दाबले जाण्यापूर्वी चूक लक्षात आली असती, तर टाकी उतरवून स्वच्छ करण्यावर कदाचित भागले असते. झाकणाचे रबर फुगले आहे आणि ब्रेक धरून राहत आहेत, याचा अर्थ तेल मास्टर सिलिंडरपर्यंत, म्हणजे पेडल दाबल्यावर फ्लुइडमध्ये दाब निर्माण करणाऱ्या भागापर्यंत, नक्की पोहोचले आहे.

ब्रेक का सुटत नाहीत, तेही सांगतो. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असते आणि पाय काढल्यावर दाबाखालचे फ्लुइड त्यातून टाकीत परतते. फुगलेल्या रबराने ते छिद्र झाकले गेले की दाब आतच राहतो, डिस्क घासून तापते, उष्णतेने फ्लुइड प्रसरण पावते आणि दाब आणखी वाढतो. पुढे हेच मऊ रबर फाटले, तर पेडल थेट तळाला जाते. ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटे असतात ती एक निकामी झाले तरी दुसऱ्याने मोटार थांबावी म्हणून. पण येथे एकाच टाकीतले दूषित द्रव दोन्हींत गेले आहे. घाटात त्या सोयीवर विसंबता येणार नाही, आणि मला सर्वांत मोठी काळजी याचीच वाटते.

टाकीच्या झाकणाचे रबर व टाकीखालचे ग्रोमेट (रबरी कडे), मास्टर सिलिंडर, पुढच्या कॅलिपरचे (डिस्क दाबून धरणाऱ्या भागाचे) रबरी किट, मागचे व्हील सिलिंडर (ड्रममधले ब्रेक दाबणारे भाग), सर्व लवचीक होज पाइप आणि क्लचचे दोन्ही सिलिंडर व त्यांचा होज बदलावा. एबीएसच्या आतली रबरे साधारणपणे सुटी मिळत नाहीत, त्यामुळे पूर्ण युनिटच बदलावे लागते आणि खर्च तिथेच वाढतो. प्रत्येक चाकाच्या ब्लीडरमधून (हवा काढण्याच्या छोट्या स्क्रूमधून) थोडे फ्लुइड काचेच्या पेल्यात काढून पाहावे. मागच्या चाकांकडेही तांबडा थर दिसला, तर तेल एबीएसमधून पुढे गेले आहे. न दिसल्यास मात्र युनिट शुद्ध आहे असे समजू नये, कारण तेल चाकांपर्यंत न जाता मध्येच अडकलेले असू शकते.

लोखंडी नळ्या बदलण्याची गरज नाही. रबराचे सर्व भाग आधी उतरवून मगच त्या नळ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवाव्यात आणि कोरड्या हवेने फुंकून घ्याव्यात. नवा मास्टर सिलिंडर जुन्या तेलकट नळ्यांना जोडला, तर नवे रबरही खराब होईल. आपल्याकडे सुटे भाग डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये धुण्याची सर्रास सवय आहे. येथे ते कटाक्षाने टाळावे, कारण रबर ज्यामुळे फुगले त्याच जातीचे हे पदार्थ आहेत. भरताना सीलबंद बाटलीतलेच डॉट ४ वापरावे. ते हवेतला ओलावा शोषते, आणि ठरलेल्या मानकानुसार त्याचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० तर ओलावा शिरल्यावर १५५ अंश सेल्सिअस धरलेला आहे. सिलिकोनचे डॉट ५ या मोटारीत घालू नये.

मोटार नेताना दोरीने टोचन करू नये, कारण मागच्या मोटारीला स्वतःचे ब्रेक लागतातच. पूर्ण उचलून नेणारे वाहन मागवावे. चाके जाम असतील, तर ब्लीडर थोडा सैल केल्यावर दाब उतरतो. काहीही उपसण्यापूर्वी टाकीतल्या द्रवाचा नमुना काचेच्या बाटलीत ठेवावा आणि झाकणाचे फोटो काढावेत. ज्या गॅरेजमध्ये हे घडले त्यांच्याकडे भरपाई मागताना ते उपयोगी पडेल.

काम झाल्यावर चाके जॅकवर उचलून, पेडल दाबून सोडून, प्रत्येक चाक हाताने मोकळे फिरते का ते पाहावे. मग सपाट रस्त्यावर हळू चालवून चाकांचा तापमानफरक तपासावा. काही दिवसांनी टाकी पुन्हा उघडावी, आणि तेव्हाही वर तेलाचा तवंग नसेल, तरच बंधूंनी मोटार घाटात न्यावी.